एक लिटर

चहाच्या थर्मासला नाक लावून माणसाची लायकी ठरवावी का, हा प्रश्न मला कालपासून छळतोय.

भाची इटलीच्या टाचेत, लेच्चेला शिकते. तिच्याकडे आलोय. जवळच मांदुरिया आहे. त्या पट्ट्यातली 'प्रिमितीवो' ही रेड वाइन नावाजलेली, १९७४ पासून सरकारी शिक्क्याची. तिथल्याच एका सहकारी वायनरीत ती सुटी मिळते, असं भाची म्हणाली. सुटी! गोडेतेलासारखी! मी थर्मास उचलला आणि निघालो.

आत गेलो तर पेट्रोल पंपच. भिंतीला तीन नळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तसंच नोझल, वर लिटर आणि युरोचे पळते आकडे. लाल, गुलाबी, पांढरी. लोक पाच-पाच, वीस-वीस लिटरचे कॅन घेऊन रांगेत. गावाकडे संध्याकाळी डेअरीत किटल्या घेऊन उभे राहतात तसेच. फक्त तिथे घालायला येतात, इथे न्यायला.

माझा नंबर आला. काउंटरवरच्या बाईंनी किती म्हणून विचारलं. मी म्हटलं, "एक लिटर."

"उन लीत्रो?" हे बाई म्हणाल्या नाहीत. हे माझ्या मागून आलं. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा, चौकडीचा शर्ट, दोन्ही हातांत कॅन. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि भाचीला दोन शब्दांत काहीतरी विचारलं.

"मामा, ते विचारतायत, तू आजारी आहेस का?"

ही मुलगी लहानपणी माझ्या खांद्यावर बसून जत्रेत फिरली आहे. थोडं इकडचं तिकडे करून सांगता आलं असतं की!

मग आजोबांची नजर थर्मासवर गेली. कॅन खाली ठेवून त्यांनी तो माझ्या हातातून सरळ काढून घेतला. झाकण फिरवलं. डोळे मिटले, आणि त्या स्टीलच्या तोंडात नाक असं घातलं की क्षणभर वाटलं, आता बाहेर येणार नाही. आलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कान्नेल्ला." दालचिनी.

पुन्हा नाक आत. "झेन्झेरो." आलं.

तिसरा वास त्यांना लागेना. त्यांनी थर्मास मागच्या बाईंकडे दिला. त्यांनी तो आधी हळूच गोल फिरवला, रिकामा थर्मास, आणि मग हुंगला. "कार्दामोमो!" वेलची सापडल्यावर रांगेत जो आनंद पसरला, तो मी कुठल्याही वाइनच्या दुकानात पाहिलेला नाही. सहा जणांनी माझा थर्मास हुंगला. शेवटच्या तरुणाने काहीतरी शेरा मारला आणि सगळे हसले. भाची म्हणाली, घरी गेल्यावर सांगते. अजून सांगितलेलं नाही.

थर्मास मी धुतला होता. गरम पाण्याने, दोनदा. हे इथे नमूद करून ठेवतो.

आजोबांचा निकाल असा की यात प्रिमितीवो भरणं पाप आहे. मी बाजू सावरायला म्हटलं, "नावातच प्रिमिटिव्ह आहे, मग भांड्याचे एवढे लाड कशाला?" भाचीने हेही भाषांतरित केलं.

पंपाचा आवाजसुद्धा थांबल्यासारखा वाटला. मग व्याख्यान. प्रिमितीवो म्हणजे रानटी नव्हे, लवकर पिकणारी. म्हणजे आपल्याकडे भाताची हळवी जात असते ना, तशी हळवी द्राक्षं. बाकीची हिरवी असताना ही ऑगस्ट सरता सरता काढणीला येतात. अठराव्या शतकात जोया देल कोल्ले गावच्या एका पाद्र्याने नेमकी ही वेल हेरून वेगळी लावली. कॅलिफोर्नियावाले जिला झिनफांडेल म्हणतात ती हीच, डीएनएने सिद्ध झालंय. आमची पळवली, असं आजोबा म्हणाले. त्याच डीएनएने मूळ वेल क्रोएशियाची ठरवली आहे, हे माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

पण पुढचं ऐकताना मला राग धरून ठेवणं अवघड गेलं. ते सभासद. वडीलही सभासद. द्राक्षाला भाव वजनावर आणि साखरेच्या डिग्रीवर. आणि वर्षानुवर्षं इथली काळीभोर, कडक वाइन टँकरने उत्तरेकडे जायची, तिकडच्या फिक्या वाइनला रंग आणि ताकद द्यायला. बाटलीवर नाव तिकडचं. माझे वडील साखर कारखान्याचे सभासद होते. आमच्या घरी रात्रीच्या पानात भाजीच्या आधी उसातल्या साखरेचा उतारा वाढला जायचा: यंदा किती लागला, किती दाखवला. ऊस आपला, काटा त्यांचा, हे वडिलांचं पालुपद. आजोबांचा चेहरा तसाच झाला होता. शेजारच्या फळीवर तिथलीच प्रिमितीवो बाटलीत बारा युरोंना होती, पंपावर लिटरला दोनच्या थोडी वर. एवढी महाग काच आमच्याकडे चष्म्यालाही लागत नाही.

शेवटी मला भांडं द्यायला ते बाहेर घेऊन गेले. बाहेर काय उभी? ॲपे! तीनचाकी, मागे हौदा, आपल्या तालुक्याच्या स्टँडवर असते ती. मी आनंदाने ओरडलो, "ही आमच्या बारामतीत बनते!"

"पोंतेदेरा," आजोबा थंडपणे म्हणाले.

भाचीने प्रामाणिकपणाचा वसा इथेही सोडला नाही. इटलीतल्या पोंतेदेराच्या कारखान्यातलं उत्पादन २०२४ मध्ये बंद झालंय आणि गाडी आता भारतातच बनते, असं तिने त्यांना सांगितलं. आजोबांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पहिल्यांदाच मला जरा बरं वाटलं, आणि लगेच वाईटही.

त्यांनी हौद्यातून एक कॅन काढला. पाच लिटरचा, तळाशी जांभळा डाग, झाकण सुतळीने बांधलेलं. घोटभर वाइन घालून विसळला आणि स्वतः नोझल धरून काठोकाठ भरला. एक लिटरचा विषयच निघाला नाही. पैसे मी दिले.

काल रात्री एक ग्लास घेतला. आलुबुखारासारखी गडद, मागून मनुकांची गोडी. साडेचौदा टक्के. मी ताटावरच पेंगलो. भाची वाइन पीत नाही. परवा सकाळी माझं विमान आहे. आणि आजोबांनी जाताना बजावलंय, कॅन परत आणून द्यायचा. रिकामा. पाण्याने धुवायचा नाही.