लाचखोराचा बंगला महिनाभरात लिलावात? कायदा तसं सांगत नाही

सोलापुरात कुणी लाच घेताना सापडला की एक मेसेज हमखास फिरतो: ‘एसीबीने (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने) त्याच दिवशी बंगला सील करावा, महिन्यात लिलाव करून पैसे जनतेला वाटावेत. होत नाही, म्हणजे सेटिंग आहे.’ संताप रास्त, पण बोट चुकीच्या जागी.

‘त्याच दिवशी सील करा.’ बँक खातं पोलीस गोठवू शकतात. सुप्रीम कोर्टाने 1999 मध्येच ते मान्य केलंय. घर, प्लॉट, शेती मात्र ते स्वतःहून जप्त करू शकत नाहीत, असा 2019 चा निकाल आहे. त्यासाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 18अ आणि जप्तीची पद्धत सांगणारा 1944 चा फौजदारी कायदा दुरुस्ती अध्यादेश. राज्य सरकारची मंजुरी घेऊन विशेष न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो.

‘बंगला लाचेचाच आहे.’ असेलही. पण सापळ्यातल्या पाच हजारांवरून बंगला जात नाही. अपसंपदेचा, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्तेचा, वेगळा गुन्हा लागतो. आधी उघड चौकशी, मग तपासणी कालावधी ठरवून पगार, कर्ज, खर्च आणि मालमत्तेचा ताळा. आपल्याकडे इथे हटकून शेतीचं उत्पन्न पुढे येतं: कांद्याच्या आडत पट्ट्यांचा, म्हणजे अडत्याने दिलेल्या विक्रीच्या पावत्यांचा, गठ्ठा. नुसती पट्टी बघून भागत नाही. सातबाऱ्यावर त्या हंगामात कांदा लागलाय का, क्षेत्राच्या मानाने एवढे क्विंटल निघतील का, त्या तारखेला बाजार समितीत आवक नोंदलीय का, पैसे खात्यात आले की रोख? यातलं एक जरी तपासायचं राहिलं, तरी उलटतपासणीत वकील तेवढंच धरून बसतो.

‘महिन्यात लिलाव.’ जप्ती म्हणजे विकता येऊ नये म्हणून तात्पुरतं गोठवणं; सरकारजमा म्हणजे मालमत्ता कायमची सरकारची. 1944 च्या अध्यादेशाखाली मालमत्ता सरकारजमा होते ती अपिलं संपल्यावर. तामिळनाडूच्या माजी मुख्यमंत्री जयललितांच्या अपसंपदा प्रकरणात तक्रार 1996 ची, सुप्रीम कोर्टाचा निकाल 2017 चा आणि जप्त दागिने तामिळनाडू सरकारच्या हाती पडले 2025 मध्ये. जुलै 2024 पासून बीएनएसएसच्या (सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 107 ने जवळची वाट दिलीय. तिथेही 14 दिवसांची नोटीस, सुनावणी आणि मालमत्ता गुन्ह्यातूनच आल्याचा न्यायालयाचा निष्कर्ष लागतोच.

‘जनतेला वाटा.’ सापळ्यातली रक्कम तक्रारदाराची, ती त्याला परत मिळते. बंगल्यावर गृहकर्ज असेल तर बँक हक्क सांगत येते. उरलेलं सरकारकडे, किंवा अपहार असेल तर ज्या संस्थेचं नुकसान झालं तिच्याकडे.

राहिली ‘सेटिंग’. कधी असेलही, पण पैसा निसटायला साधी दिरंगाई पुरते. जप्तीचा आदेश झाल्यावर वर्षभरात न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतली नाही आणि मुदतही वाढवून घेतली नाही, तर आदेश संपतो. सरकारी नोकराविरुद्ध दखल घ्यायला अभियोग मंजुरी, म्हणजे खटला चालवायची सक्षम अधिकाऱ्याची परवानगी, हवी. तिला कायद्याने तीन महिने, फार तर आणखी एक. फाइल मात्र टेबलावर पडून असते. दुसरी चूक खटल्याच्या शेवटी होते. मालमत्ता जप्त आहे हे सरकारी वकिलाने निकालाआधी न्यायालयाला सांगायचं असतं, म्हणजे शिक्षा सुनावताना आरोपीने गुन्ह्यातून किती मिळवलं तो आकडा नोंदवला जातो. तो आकडा नसला, तर शिक्षा होऊनही सरकारजमा काय करायचं यावर नव्याने वाद.

तेव्हा विचारायचंच तर हे विचारा: जप्तीचा अर्ज कधी दाखल झाला? अभियोग मंजुरी कुठे अडलीय? आणि आदेशाची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कात’ किंवा प्रॉपर्टी कार्डावर चढली का? ती नोंद नसेल तर सोलापूरच्या होटगी रोडचा प्लॉट बिनबोभाट विकला जातो, आणि मग घेणारा ‘मी पैसे मोजून, काही माहीत नसताना घेतला’ म्हणत न्यायालयात उभा राहतो.