पाय पसरलेली शिडी भक्कम नसते

कामाच्या ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतोय. ‘शिडीचे नियम म्हणजे सेफ्टीवाल्यांचा पगार वसूल’ अशी सुरुवात आणि खाली पाच मुद्दे: शिडी जितकी तिरकी तितकी घट्ट, खाली धरायला माणूस असला की काळजी मिटली, सहा-सात फुटांवरून पडून कुणाला काही होत नाही, लाकडी शिडीवर शॉक लागत नाही, आणि ज्याचा हात बसलाय त्याला हे शिकवू नये. देखभालीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, शिडी रोजचीच. म्हणून गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो पटतो. उभी शिडी मागे कलंडेल अशी भीती वाटते, मग माणूस तिचे पाय भिंतीपासून आणखी लांब ओढतो आणि निर्धास्त होतो. पण तेव्हा शिडी मागे पडण्याऐवजी पायातून सुटायला तयार होते. तिला धरून ठेवतं ते फक्त पाय आणि फरशी यांच्यातलं घर्षण. शिडीचं स्वतःचं वजन आणि भिंतीचं घर्षण बाजूला ठेवून साधा हिशेब केला, तर 70 किलोचा माणूस वरच्या टोकापाशी असताना जमिनीशी 75 अंशांत लावलेल्या शिडीचे पाय साधारण 19 किलोच्या जोराने बाहेर ढकलले जातात. हीच शिडी 60 अंशांवर आणा, तो जोर 40 किलोवर जातो. शिवाय माणूस जसा वर चढतो तसा तो वाढत जातो. त्यामुळे खालच्या दोन पायऱ्यांवर उड्या मारून ‘बघ, हलत नाही’ म्हणणाऱ्याने काहीच तपासलेलं नसतं.

चार मीटर उंचीवर शिडी टेकत असेल, तर पाय भिंतीपासून एक मीटर. टेप नको असेल तर शिडीच्या पायांना आपल्या पायांची बोटं लावून ताठ उभं राहायचं आणि हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करायचे. तळवे पायरीवर आरामात टेकले की कोन बरोबर. फार उभी लावली तर ती खरंच मागे येते, तेवढी भीती रास्त आहे.

माझी शिडी एकदा सुटली ती कोन चुकला म्हणून नाही. पायांचे रबरी बूट झिजून आतलं ॲल्युमिनियम फरशीला लागत होतं, वर धुळीचा थर. मी चौथ्या पायरीवर होतो. आवाज आठवतो, पडणं आठवत नाही. फरशीवर दोन समांतर ओरखडे राहिले.

‘खाली माणूस आहे ना!’ तो माणूस पाच मिनिटांत फोनमध्ये जातो, हे सोडून देऊ. लक्ष देऊन उभा असला तरी घसरायला लागलेली शिडी दोन हातांनी थांबत नाही, आणि वरून निसटलेला पाना थेट त्याच्याच डोक्यावर येतो. शिडीचं वरचं टोक दोन्ही बाजूंनी बांधणं कधीही चांगलं. माणूस लागतो तो बांधून होईपर्यंत पायथा धरायला, आणि शिडीच्या दिशेने उघडणाऱ्या दारापाशी पहारा द्यायला.

आता सहा-सात फूट. दोन मीटरवरून पडणारा माणूस जमिनीला लागतो तेव्हा त्याचा वेग ताशी 22 किलोमीटरच्या वर असतो, आणि पडायला सेकंदाचा दोन-तृतीयांश भागही लागत नाही. तेवढ्यात अंग सावरता येत नाही. डोकं आधी लागलं, तर उंची किती होती हा प्रश्न उरत नाही.

शॉकचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त वाईट. कोरडं, स्वच्छ लाकूड वीज सहसा वाहून नेत नाही. ओलं लाकूड नेतं. पायऱ्यांखाली मजबुतीसाठी लोखंडी सळई असली तर वेगळीच गोष्ट. त्यात लाकडी शिडीला हौसेने ऑइलपेंट मारतात आणि तडे रंगाखाली झाकले जातात. लावायचंच तर पारदर्शक वार्निश लावा. वायरिंगच्या कामाला फायबरची शिडी घ्यावी, तीही कोरडी आणि पुसलेली. पण आधी वीज बंद करून टेस्टरने खात्री करायची. ॲल्युमिनियमची शिडी तिथे आणूच नये.

राहिला हात बसलेला माणूस. नवखा घाबरत चढतो, दोन्ही हातांनी धरतो. जुना माणूस वरून बघतो, शेवटचा स्क्रू हातभर लांब आहे. उतरा, शिडी सरकवा, परत चढा, कोण करणार? तो कलतो. बेंबी दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर गेली की तोल गेलाच म्हणून समजा. घोड्याच्या, म्हणजे पाय फाकवून उभ्या राहणाऱ्या घडीच्या शिडीच्या, अगदी वरच्या फळीवर उभा राहणारा जुनाच असतो, आणि घोडा न उघडता भिंतीला टेकवून चढणाराही तोच. घोड्याचे पाय उघड्या स्थितीसाठी कापलेले असतात. मिटून टेकवला की ते नुसत्या कडेवर उभे राहतात.

शिडी वापरूच नका, असं मी म्हणत नाही. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेचा ठोकताळा मला पटतो: एका जागी अर्ध्या तासाच्या आतलं, हलक्या सामानाचं काम असेल तर शिडी चालते. त्याहून मोठ्या कामाला मचाण किंवा प्लॅटफॉर्म.

त्या झिजलेल्या शिडीला नवे रबरी बूट बसवायला दहा मिनिटं लागली. शिड्या तपासायचं काम त्या महिन्यात माझ्याकडेच होतं. हात बसलाय म्हणून मी नुसती सही केली होती.