‘बाप दाखव’ म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पानाच्या कडेला पिल्लं, म्हणजे इवली रोपं, येणारं कलांचोचं हे रोप म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ‘डायग्रेमोंटियाना’ जातीचं म्हणून मिळतं, फोनमधलं ॲपही तेच सांगतं, मग मी त्याला दोन जातींचा संकर कशावरून ठरवला? बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर.

दाखवतो, आईसकट. दोघंही मूळचे मादागास्करचे. कलांचो डायग्रेमोंटियानाचं पान रुंद, त्रिकोणी, आणि दोन्ही कडांना थेट बुडापासून पिल्लं. कलांचो डेलागोएन्सिसचं पान गोल नळीचं, पिल्लं फक्त टोकाला. 1930 च्या दशकात अमेरिकेत हॉटन यांनी या दोघांचा संकर केला. पुढे तो फ्लोरिडात मोकाट पसरला आणि 2006 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ वॉर्ड यांनी त्याला ‘कलांचो × हॉटोनी’ हे रीतसर नाव दिलं.

आता माझ्या चिऱ्याच्या गडग्यावरचं झाड बघा. पान लांबट, अरुंद, कडा वर उचललेल्या, त्यामुळे मध्ये होडीसारखी पन्हळ. पाठीवर जांभळट-तपकिरी डाग. पिल्लं कडेनंच येतात, पण त्यांची दाटी टोकाकडे. बुडाजवळची कड बरीचशी मोकळी. नळी आणि त्रिकोण यांच्या मधलं हे रूप आहे, आणि ते एका पानात नाही, सबंध झाडभर आहे.

सावलीत पान बदलतं, हा तुमचा मुद्दा मात्र वजनदार आहे. पडवीच्या कोपऱ्यात ठेवलं की हेच पान पसरट होतं, डाग फिकटतात. म्हणूनच वर्णन करताना मी उन्हातल्या झाडाचं, मधल्या पेरावरचं, पुरतं वाढलेलं पान घेतलं. कोवळ्या पिल्लावरून तर काहीच ठरवू नये. त्या वयात सगळी भावंडं सारखीच दिसतात. ॲपला बहुतेक वेळा असलेच फोटो दाखवले जातात, आणि इंटरनेटवर ‘डायग्रेमोंटियाना’ म्हणून टाकलेल्या फोटोंत हॉटोनी ढिगानं सापडतात. त्यावरून शिकलेलं यंत्र दुसरं काय सांगणार?

गुणसूत्रं तपासल्याशिवाय बोलू नये, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. बागेतल्या कुंडीला वंशावळ कोण देतो? वनस्पतींच्या नावांच्या नियमानुसार या दोन पालकांच्या सगळ्या संततीला हेच नाव लागतं, त्यामुळे थोडं रुंद पान निघालं तरी नाव बदलत नाही. नर्सरीतली गुलाबी पिल्लांची ‘पिंक बटरफ्लाइज’ हीसुद्धा याचीच लागवडीतली जात. त्या पिल्लांत हरितद्रव्य नसतं, म्हणून ती गळली तरी रुजून जगत नाहीत. (आमच्या शेजारच्या वहिनींना हे पटवायला फार वेळ लागला.)

तुमच्याकडचं झाड वेगळंही असेल. उन्हातल्या पानाचा, पाठीसकट, पट्टी शेजारी ठेवून फोटो पाठवा. पान रुंद, हिरवंगार आणि पाठ बिनडागी निघाली, तर तो डायग्रेमोंटियानाही नव्हे; मग ‘लेटिव्हिरेन्स’ ही कलांचोची दुसरी जात तपासून पाहावा लागेल. आणि छाटलेले तुकडे परसात टाकू नका. पिल्लं रुजतात, आणि गुरांनी हे खाल्लं तर त्यांच्या हृदयाला अपाय होतो.