‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’बाबत खुलासा

गन्स अँड रोझेस या अमेरिकी बँडचा ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ हा गेफन कंपनीने काढलेला पहिला पूर्ण अल्बम बाजारात येताच पहिल्या क्रमांकावर गेला, असे विधान करणारा एक संदेश सध्या फिरत आहे. हे विधान चुकीचे आहे.

हा अल्बम 21 जुलै 1987 रोजी प्रसिद्ध झाला आणि ऑगस्टअखेरीस बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत शिरला, तोही थेट 182व्या स्थानावर. सुरुवातीला विक्री मंद होती. त्यातल्या ‘वेलकम टू द जंगल’ या गाण्याचा व्हिडिओ दाखवायला एमटीव्ही ही संगीतवाहिनी राजी नव्हती, कंपनीचे संस्थापक डेव्हिड गेफन यांनी शब्द टाकल्यावर तो लागला, पण ऐन मध्यरात्रीनंतर, बहुतेक लोक झोपलेले असताना. तरीही मागणीचे फोन येऊ लागले. पुढे याच अल्बममधले ‘स्वीट चाइल्ड ओ’ माइन’ हे गाणे गाजले आणि ऑगस्ट 1988 मध्ये, म्हणजे वर्ष उलटून गेल्यावर, अल्बम अव्वल ठरला.

याच संदेशात बँडच्या डिसेंबर 1986 च्या ‘लाइव्ह ?!*@ लाइक अ सुइसाइड’ या चार गाण्यांच्या रेकॉर्डला ‘बँडने स्वबळावर काढलेले लाइव्ह ध्वनिमुद्रण’ म्हटले आहे. त्यावर उझी सुइसाइड असे बँडचे लेबल छापलेले असले, तरी पाठबळ गेफन कंपनीचेच होते. गाणी स्टुडिओतली असून प्रेक्षकांचा गलका नंतर वरून चढवलेला आहे. शीर्षकातच ‘लाइव्ह’ असल्यामुळे ऐकणारा फसला, तर त्याला दोष देता येत नाही.