म्हणे, ‘त्रास फक्त चोरालाच होतो’

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. प्रेसवाल्यांच्या ग्रुपवर, डीटीपीवाल्यांच्या (म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावणाऱ्यांच्या) ग्रुपवर, मेहुण्याकडून, आणि एका डीलरकडून तर हात जोडून. मेसेज असा: ‘सॉफ्टवेअरला लॉक असतं म्हणून लोक ओरडतात. पण घराला कुलूप लावता ना? ज्याने पैसे भरून घेतलंय त्याला लॉकचा काडीचाही त्रास नाही. लॉक काढलं तर सगळे फुकट वापरतील आणि कंपन्या बुडतील. अडचण आलीच तर कंपनीला एक फोन करायचा. त्रास फक्त चोरालाच होतो!’

खाली अंगठे आणि टाळ्या. मी २००१ पासून कोल्हापुरात शाहूपुरीत डीटीपी करतो आणि सॉफ्टवेअर विकत घेऊन वापरतो, त्यामुळे हा मेसेज माझ्याच बाजूने बोलतोय असं लोकांना वाटतं. म्हणून एकेक वाक्य घेतो.

‘पैसे भरणाऱ्याला काडीचाही त्रास नाही.’

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या आठवड्यात ती ५५ च्या वर गेली. व्हीनस कॉर्नरकडून पाणी आत यायला लागलं तेव्हा आमची एकच धांदल उडाली. दोन मशिनं, मॉनिटर, लेझर प्रिंटर, सगळं वरच्या मजल्यावर. वायरी ओढताना मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल हातात आलं. ते टेबलाच्या खणात टाकलं, जाताना घेऊ म्हणून. जाताना कोण कशाला आठवतंय!

पाणी उतरल्यावर बघतो तर खण फुगून बसलेला. स्क्रू ड्रायव्हरने उचकटला. आत चिखल, चिखलात बिलांची फाइल, फाइलखाली डोंगल. धुतलं, पुसलं, दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं आणि मशिनला लावलं. त्याचा बारीक हिरवा दिवा काही लागला नाही. स्क्रीनवर इंग्रजीत निरोप: लॉक सापडत नाही.

ज्यांनी डोंगल बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिसायला पेन ड्राइव्हसारखंच, पण त्यात सॉफ्टवेअर नसतं, फक्त किल्ली असते. सॉफ्टवेअर सुरू होताना आणि मधूनमधून त्या किल्लीला काहीतरी विचारतं, बरोबर उत्तर मिळालं तरच पुढे चालतं. म्हणजे माझं मशिन धडधाकट, हार्ड डिस्कवरचं सॉफ्टवेअर धडधाकट, पावती फाडून पैसे भरलेले. फक्त परवानगी बुडाली होती. (पूर्वी हीच किल्ली प्रिंटरच्या जाड पोर्टला लावायची असायची. नव्या मशिनला ते पोर्टच यायचं बंद झालं, तेव्हाही खिशाला चाट बसली होती. ते सोडा.)

आता ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे पतसंस्थांच्या अहवालांचा हंगाम. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, आणि सभेआधी अहवाल सभासदांच्या हातात पडायला हवा. काम ठरलेलं असतं. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, ताळेबंदाचे आकडे बदलायचे, संचालकांचे फोटो बदलायचे, श्रद्धांजलीच्या पानावर नवी नावं टाकायची. पण त्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा सर्वमान्य पद्धतीत नाहीत, त्या सॉफ्टवेअरच्याच फॉन्टमध्ये आहेत. सॉफ्टवेअरशिवाय उघडल्या की ‘सभासदांना लाभांश’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणांची खिचडी दिसते. लॉक कंपनीच्या मालाला होतं, पण अडकला माझा माल. अठरा वर्षांचं टायपिंग.

मग ‘कंपनीला एक फोन’ केला. हा मुद्दा मेसेजात नंतर येतो, पण इथेच निकालात काढू. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण फोनवरच्या बाईंना खरंच वाईट वाटत होतं.

‘सर, डोंगलला फिजिकल डॅमेज असेल तर रिप्लेस होत नाही.’

‘अहो ताई, पूर आलाय. टीव्हीवर दाखवतायत.’

‘बघितलं सर. नवीन लायसन्स घ्यावं लागेल. जुन्या बिलाची कॉपी मेल करा, अपग्रेडचा रेट लावून देते.’

जुनं बिल म्हणजे खणातला तो लगदा.

आमच्या शेजारी फ्लेक्सचं दुकान आहे. तिथला ऑपरेटर पोरगा हे सगळं ऐकत उभा होता. ‘काका, त्यात काय एवढं? थांबा की,’ म्हणाला आणि पेन ड्राइव्ह घेऊन आला. पाच मिनिटांत तेच सॉफ्टवेअर, तीच आवृत्ती, सुरू! लॉक मागितलं नाही, इंटरनेट मागितलं नाही, बिल मागितलं नाही. ‘आमच्याकडं पहिल्यापास्नं ह्येच हाय.’

दोन रात्री मी त्यावर काम केलं आणि अहवाल गेले. लपवत नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब म्हणतं की संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. मला माहीत होतं. गंमत अशी की त्याच कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला राखीव प्रत काढायची मुभा देतं, कशासाठी तर प्रणाली हरवली, नष्ट झाली, खराब झाली तर हाताशी असावी म्हणून. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनी पूर धरला होता. पण डोंगलची राखीव प्रत निघत नाही, ते तर प्रत निघू नये म्हणूनच बनवलेलं असतं. हक्क कागदावर आणि किल्ली चिखलात.

तर त्या आठवड्यात त्रास कुणाला झाला? पैसे भरलेल्या मला. शेजारच्या पोराला शून्य. आणि हा काही योगायोग नाही. क्रॅक म्हणजेच लॉक काढलेली प्रत. लॉक सगळ्यांसाठी बसवलं तरी शेवटी ते विकत घेणाऱ्याच्याच मशिनवर उरतं.

कुणी म्हणेल, हे एका डोंगलचं रडगाणं. मग मोठ्यांचं बघू. ऑगस्ट २००७ मध्ये विंडोजची अस्सल प्रत ओळखणारा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर बिघडला आणि जवळपास १९ तास पैसे भरलेल्या लोकांना ‘तुमची प्रत अस्सल नाही’ असं सांगत राहिला. २०१३ च्या मार्चमध्ये सिमसिटी हा गेम आला. एकट्याने खेळायचा असला तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला राहायला हवा, अशी अट. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले आणि विकत घेणारे रांगेत बसले. इंटरनेटशिवाय खेळायची सोय कंपनीने वर्षभराने दिली.

सगळ्यात कडेलोट २००५ चा. सोनी बीएमजीने पन्नासच्या वर अल्बमच्या ऑडिओ सीडींमध्ये कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर घातलं. सीडी संगणकात घातली की ते विंडोजच्या पोटात जाऊन बसायचं आणि स्वतःला लपवायचं. लपवायची तऱ्हा अशी ढोबळ, की एका ठरावीक खुणेने नाव सुरू होणारी कुठलीही फाइल गायब दिसायची. मार्क रसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबर २००५ ला हे उघड केलं आणि काही दिवसांतच व्हायरस लिहिणाऱ्यांनी तीच खूण वापरून आपला माल त्या आडोशाला ठेवायला सुरुवात केली. कंपनीने ते काढून टाकायचं साधन दिलं, तर त्यानेच सुरक्षेला आणखी मोठं भगदाड पडलं. शेवटी सीडी परत मागवाव्या लागल्या, खटले झाले. आता सांगा, ज्याने तीच गाणी फुकट एमपीथ्री म्हणून उतरवली त्याच्या मशिनचं काय झालं? काही नाही. दुकानात जाऊन सीडी विकत घेणाऱ्याच्या घरात घूस शिरली.

‘घराला कुलूप लावता ना?’

लावतो. पण ते मी लावतो आणि किल्ली माझ्या कनवटीला असते. दाखला द्यायचाच तर असा द्या: गुजरीत जाऊन बायकोला पाटल्या केल्या. सराफाने पेटीत घालून दिल्या, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. प्रत्येक लग्नाला सराफाला फोन करायचा, मग तो माणूस पाठवून उघडून देणार. दुकान बंद झालं, तर पेटी वाजवून आत पाटल्या आहेत याची खात्री करून घ्यायची.

दुकान बंद होतं बरं का. अॅडोबीने फोटोशॉप वगैरेंच्या सीएस२ या संचाचे अॅक्टिव्हेशन सर्व्हर, म्हणजे विकत घेतलेली प्रत इंटरनेटवरून सक्रिय करून देणारे संगणक, बंद केले, तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी सक्रिय करायची गरजच नसलेली प्रत आणि सीरियल नंबर द्यायची वेळ कंपनीवर आली. बरं झालं, दिली. २०१५ साली विंडोज १० आलं तेव्हा ही सोयही झाली नाही. जुन्या गेमच्या सीडींवर सेफडिस्क आणि सेक्युरॉम नावाची लॉक होती, ती सुरक्षेला धोका म्हणून मायक्रोसॉफ्टने चालूच दिली नाहीत. मूळ सीडी, मूळ डबी, आणि गेम बंद. ते गेम विकत घेतलेल्या अनेकांना लॉक काढलेली प्रत शोधावी लागली.

‘लॉक काढलं तर सगळे फुकट वापरतील, कंपन्या बुडतील.’

यात थोडं तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. गेमवर बसवायच्या डेनुव्हो नावाच्या लॉकचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गेम आल्याआल्या लॉक फुटलं तर उत्पन्न सरासरी २० टक्क्यांच्या आसपास घटतं, असं त्यात दिसलं. प्रोग्रॅमरने वर्षभर राबून केलेल्या मालाचा पाचवा हिस्सा जाणं ही चेष्टा नाही. पण त्याच अभ्यासात पुढे असंही आहे, की बारा आठवडे लॉक टिकलं तर त्यानंतर ते असलं काय, नसलं काय, फरक जवळजवळ शून्य. म्हणजे लॉकचा उपयोग तीन महिन्यांचा. माझं डोंगल कैक वर्षांचं होतं. ते कुणाचं काय राखत होतं?

आणि लॉक नसलं की धंदा बसतो म्हणावं, तर विचर ३ हा गेम २०१५ मध्ये आला तेव्हा त्याच्याच कंपनीच्या जीओजी या दुकानात पहिल्या दिवसापासून बिनलॉकचा विकला जात होता. २०२३ पर्यंत त्याच्या एकूण ५ कोटींवर प्रती खपल्या. अॅपलने २००९ मध्ये गाण्यांवरचं लॉक काढलं, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या दुकानातून १० अब्जावं गाणं विकलं गेलं.

उलट बाजूने बघा. बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्याच संघटनेच्या पाहणीत २०१७ साली भारतातलं ५६ टक्के सॉफ्टवेअर बिनपरवाना होतं. हे लॉक नसताना नव्हे, डोंगल, सीरियल, अॅक्टिव्हेशन सगळं असताना! आणि त्यातली प्रत्येक प्रत म्हणजे बुडालेली विक्री, हा हिशेबही फसवा. शेजारच्या पोराचा मालक ते सॉफ्टवेअर विकत घेणार होता का? क्रॅक मिळाला नसता तर त्याने फुकटचा युनिकोड फॉन्ट वापरला असता आणि गिऱ्हाइकाला ‘हाच लेटेस्ट’ म्हणून सांगितलं असतं.

डीलर मित्राचा राग आला असेल. त्याला एवढंच सांगायचंय की लॉक ठेवा, पण पूरग्रस्ताला पंचनाम्याच्या कागदावर बदली किल्ली द्या. कंपनी ती आवृत्ती सोडून देईल तेव्हा लॉकही सोडा. मी अजून गिऱ्हाईक आहे. शेवटी नवीन लायसन्स घेतलंच, पूर्ण किमतीत, जुन्या फाइलींसाठी.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, या वेळी ५६ फुटांच्या वर. बातमी ऐकल्याबरोबर मी आधी डोंगल उपसलं, शर्टाच्या खिशात घातलं आणि खिशाला सेफ्टी पिन लावली. मग मशिनं उचलली. पोरगा दारात उभा राहून बघत होता. ‘काका, खिशात सोनं हाय व्हय?’ म्हणाला, आणि प्रिंटरचं दुसरं टोक धरायला आत आला.