मोफत एआय आणि ‘आता शिक्षक कशाला?’ हा दावा

विदर्भातील पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक दावा फिरतो आहे: कृत्रिम बुद्धिमत्तेची (एआय) साधने मराठीत आणि मोफत मिळू लागल्याने खेड्यातील मुलाला आता ना शिकवणी लागते, ना शिक्षक, हाती मोबाइल आला की पुण्या-मुंबईशी बरोबरी झाली. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार राज्यात २०२३ मध्ये झालेला असल्याने हा दावा निरुपद्रवी मानता येत नाही.

साधन मोफत असले, तरी फोन आणि रिचार्ज मोफत नसतात, आणि घरातला एकुलता एक फोन बहुधा वडिलांबरोबर शेतावर गेलेला असतो. शिवाय चॅटजीपीटी या एआय साधनाच्या अटींनुसार १३ वर्षांखालील मुलांनी ते वापरायचेच नाही आणि १८ वर्षांपर्यंत पालकांची परवानगी लागते. म्हणजे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील जवळजवळ सगळी मुले इथेच वगळली जातात.

शिक्षक नको, हे म्हणणे तर सर्वांत घातक आहे. तीन चतुर्थांश अधिक दोन तृतीयांश या बेरजेचे उत्तर पाचवी-सहावीतील अनेक मुले पाच सप्तमांश असे काढतात, कारण ती अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात. एआयला विचारले, तर सतरा बारांश हे उत्तर रीतीसह येते आणि मूल ते वहीत उतरवून मोकळे होते. त्याची मूळ समजूत मात्र जशीच्या तशी राहते. शिक्षिका वही पाहते आणि विचारते, “पाऊण भाकरीत आणखी भाकर मिळवली, तर ती पाऊणपेक्षा कमी कशी होईल?” त्या प्रश्नाने मूल थबकते आणि खरे शिकणे तिथून सुरू होते. चूक नेमकी कुठे झाली हे साधनालाही सांगता येईल, पण त्यासाठी मुलाने आपली चुकीची रीत आपणहून त्याच्यापुढे मांडायला हवी, आणि आपण चुकलो आहोत हेच त्याला ठाऊक नसते.

मराठीत मिळते, हे खरे आहे. परंतु मेळघाटातील कोरकू मुलाची किंवा भामरागडच्या माडिया मुलाची घरची भाषा मराठी नाही. या भाषांचे कुळही वेगळे आहे. पहिलीतल्या अशा मुलाला हाताशी धरून मराठीत आणणारे माणूसच लागते.

बरोबरीबद्दल थोडक्यात: हाती फोन आला म्हणजे तो अभ्यासालाच लागतो असे नाही. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर २०२४’ या अहवालात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातील मुलांपैकी सुमारे ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात स्मार्टफोन अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी सुमारे ७६ टक्क्यांनी.

या साधनांचा उपयोग नाही, असे माझे म्हणणे मुळीच नाही. एकाच खोलीत चार इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला एका पाठावरच्या तीन पातळ्यांच्या कृतिपत्रिका काही मिनिटांत मिळाल्या, तर त्याचा रात्रीचा वेळ वाचतो. मात्र त्या बालभारतीच्या पुस्तकाशी ताडून पाहूनच फळ्यावर जाव्यात. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत अशा कृतिपत्रिका शिक्षकांनी एकत्र बसून तपासाव्यात आणि त्यांतल्या चुकांची यादी पुढच्या परिषदेत ठेवावी. हे काम या सत्रापासूनच सुरू करता येईल.