जागा वाढवा म्हणणं सोपं, दर कोण वाढवणार?

ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेल्या) कोंबड्यांना जास्त जागा द्या, शेडमध्ये अंथरलेलं तूस कोरडं ठेवा, असं सांगणाऱ्या तुमच्या लेखात सगळा भार पोल्ट्रीवाल्या शेतकऱ्यावर टाकलाय. अहो, करार पद्धतीत पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं. आमचं शेड, वीजबिल आणि राबणं. पैसे किलोवर. पक्ष्यामागे जेमतेम एक चौरस फूट जागा असते, ती वाढवायला पक्षी कमी टाकले तर बँकेचा हप्ता कोण भरणार? आणि चाळीस दिवसांत दोन किलोच्या वर जाणारी जात आम्ही निवडलेली नाही. शेवटच्या आठवड्यात काही पक्ष्यांना स्वतःचं वजन पायांवर पेलत नाही, ते जागा देऊनही पूर्ण सुटत नाही.

तुसाचं मात्र लेखकाचं बरोबर आहे, तिथे आमच्यातलेच बरेच जण आळस करतात. पक्ष्यांना पाणी देणारं निपल गळून तूस ओलं झालं की अमोनियाने आपलेच डोळे चुरचुरतात, पक्ष्यांचे तळवे काळे पडतात. रोज खालीवर करून ओली ढेकळं बाहेर काढली तरी फरक दिसतो.

विधी आयोगाने २०१७ मध्ये ब्रॉयलरच्या संगोपनावर आणि वाहतुकीवर अहवाल दिला होता. त्यावरही लिहा की! रात्री गाडी भरताना एकेका हातात चार-पाच पक्षी उलटे लटकवून क्रेटमध्ये कोंबतात, ते तर कंपनीच्या ठेकेदाराचीच माणसं करतात.